पिन झालेला उंट आणि न उचललेला हात: आटपाडी तालुक्यातल्या एका शाळेच्या बुद्धिबळ क्लबची पहिली स्पर्धा

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातली एक माध्यमिक शाळा. गणिताच्या बाई तिथं शनिवारी शाळा सुटल्यावर बुद्धिबळाचा क्लब चालवतात. मी स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो आणि जमेल तेव्हा या क्लबला मदतीला जातो. क्लबमधली नऊ मुलं पहिल्यांदाच गावाबाहेर, विट्याच्या एकदिवसीय जलद स्पर्धेत खेळली. चौथ्या फेरीत सातवीतल्या एका मुलीच्या पटावर जे घडलं, त्याची ही नोंद आहे. मुलांची, शाळेची आणि आयोजकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पहिल्या स्पर्धेला जाणाऱ्या मुलांना आपण डावाची सुरुवात शिकवतो, दोन चालींत मात शिकवतो, हत्ती-राजाचा शेवट शिकवतो. पंचांना हाक कशी मारायची, हे मात्र कुणी शिकवत नाही. लहान गावातली मुलं पटावर जेवढं हरतात, त्याहून जास्त या एका गोष्टीपायी हरतात, असं माझं मत या प्रकरणानं पक्कं झालं.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याला बुद्धिबळ नवं नाही. सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ आणि त्यासाठी आयुष्य वेचणारे भाऊसाहेब पडसलगीकर यांच्यामुळे हे शहर देशभरातल्या खेळाडूंना ठाऊक झालं. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीच्याच. पण सांगली शहर वेगळं आणि आटपाडीकडची वाडी-वस्ती वेगळी. इथं पट असतो तो पारावर किंवा एखाद्या आजोबांच्या ओसरीवर, आणि तिथले नियमही जुने, देशी. प्यादं एकेकच घर चालतं. राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येते. आणि शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं त्या घरचाच मोहरा होतं, म्हणजे घोड्याच्या घरात गेलं तर घोडा, उंटाच्या घरात गेलं तर उंट. पाचवीतला एक मुलगा असाच आजोबांकडून खेळ शिकून क्लबमध्ये आला होता.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. बाईंनी तिचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र वर्गाच्या भिंतीवर लावलं. त्यानंतर क्लबमध्ये मुली यायला लागल्या. ज्या मुलीचं हे प्रकरण आहे, ती त्यातलीच. हिशेब चटकन करते, आणि बाई म्हणतात त्याप्रमाणे, ‘उत्तर आलं तरी हात वर करत नाही.’ हे वाक्य तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

क्लबकडे गुंडाळता येणारे सहा पट होते आणि घड्याळ एकच होतं. एका चांगल्या डिजिटल घड्याळाच्या पैशात तीन-चार पट येतात, त्यामुळे शाळा आधी पट घेते. ते एकच घड्याळ फिरून फिरून एखाद्या जोडीच्या वाट्याला यायचं. बाकीचे डाव बिनघड्याळाचे, गप्पा मारत.

जाण्याची तयारी

मुलांना स्पर्धेला नेणं म्हणजे अर्धं काम कागदांचं. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची लेखी संमती, जन्मतारखेचा दाखला, मुली असल्यामुळे सोबत बाई हव्यातच. खानापूर-आटपाडी भागातली पुष्कळ कुटुंबं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी परराज्यांत पांगलेली आहेत. दोन मुलांचे वडील तमिळनाडूत होते. त्यांची संमती व्हॉट्सॲपवर आली आणि घरी आजोबांनी सही केली.

वयोगटावरून पालकांचा बराच गोंधळ उडाला. तेरा वर्षांखालील गटासाठी वय धरलं जातं ते त्या वर्षाच्या १ जानेवारीला. ज्या मुलाला फेब्रुवारीत तेरावं पूर्ण झालं, तो डिसेंबरपर्यंत त्या गटात खेळू शकतो. एक वडील शाळेत येऊन म्हणाले, ‘बाई, पोरगं बसत न्हाई गटात, उगं कशाला फसवायचं कुणाला?’ त्यांना नियम दाखवला तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. या प्रामाणिकपणाचा मला फार आदर वाटला.

रविवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बाईंचं आणि मुलींचं तिकीट निम्म्यात झालं. बारा वर्षांखालच्या मुलांचंही. खर्च मुलामागं परवडण्याजोगा राहिला तो यामुळेच. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू होते. दुपारी बाहेरचं खाऊन कुणाचं पोट बिघडू नये, असा बाईंचा कटाक्ष होता.

पहिल्या तीन फेऱ्या

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. सात फेऱ्या, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंदांची भर. पट आणि घड्याळ खेळाडूंनी आणायचं. पालकांना खेळाच्या दालनात मज्जाव, हे मला अगदी योग्य वाटतं.

ही स्पर्धा स्विस पद्धतीची होती, म्हणजे हरल्यावरही कुणी बाद होत नाही. या पद्धतीत पहिल्या फेरीला मानांकनाच्या, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या, क्रमानं यादी लावून तिचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. साठ खेळाडू असतील तर एक नंबरची गाठ एकतिसाव्याशी. बिनमानांकित मुलं यादीत खालीच असतात, म्हणून पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर बहुधा तयारीचे खेळाडू येतात. आमच्या नऊपैकी सात जण पहिला डाव हरले. बाहेर आल्यावर दोघांचे डोळे भरले होते. बाईंनी त्यांना बसवून समजावलं की दुसऱ्या फेरीपासून समान गुणांची मुलं समोर येतात, म्हणजे जसजसं हरशील तसतसा समोरचाही तुझ्याच जोडीचा होत जाईल. दोन फेऱ्या हरल्या की मुलाला उठवून घरी नेणारे पालक मी बरेच पाहिले आहेत. त्या मुलाच्या बरोबरीचे डाव नेमके तिथून पुढं सुरू होणार असतात.

पाचवीतल्या मुलाला दुसऱ्या फेरीत ‘बाय’ मिळाला. खेळाडूंची संख्या विषम असली की एकाला जोडीदार नसतो, त्याला न खेळता गुण मिळतो. त्याला वाटलं, आपल्याला काढून टाकलं. तो कोपऱ्यात जाऊन बसला आणि कुणाशी बोलेना. गुणतक्त्यात नावापुढं १ दिसला तेव्हा कुठं खुलला. तिसऱ्या फेरीत त्याचं प्यादं शेवटच्या ओळीत, घोड्याच्या घरात पोचलं. स्पर्धेच्या नियमात अशा प्याद्याचा वजीर करता येतो, मग घर कोणतंही असो, आणि क्लबमध्ये त्यानं ते शेकडो वेळा केलेलं होतं. पण घड्याळात शेवटचं मिनिट चालू असताना त्याचा हात आजोबांच्या नियमानं चालला. त्यानं घोडा ठेवला आणि घड्याळ दाबलं. चाल पूर्णपणे नियमात होती, त्यामुळे बदलायचा प्रश्नच नव्हता. जिंकलेला डाव बरोबरीत गेला. घाईच्या क्षणी माणूस सर्वांत आधी शिकलेलं करतो. हे पुढच्या फेरीतही दिसणार होतं.

चौथी फेरी

आमच्या मुलीचे तीन फेऱ्यांत दीड गुण झाले होते. समोर एका प्रशिक्षण वर्गाचा छापील टी-शर्ट घातलेला, तिच्याच वयाचा मुलगा. त्याच्याकडे फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, मानांकन होतं आणि तिला ते जोडीच्या यादीत दिसलं होतं. पंधरा-सोळा चालींनंतर तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं.

मग पुढची स्थिती आली. (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ.) तिचा राजा ई१ वर, त्याच्यासमोर ई३ वर तिचा उंट, आणि ई८ वर मुलाचा हत्ती. म्हणजे तिचा उंट पिन झालेला, हलवला तर राजाला शह. पण तोच उंट तिरप्या रेषेत ए७ वरच्या मुलाच्या राजाकडे पाहत होता. मध्ये डी४ वर मुलाचा घोडा होता, म्हणजे घोडाही पिन झालेला. दोन्ही मोहरे आपापल्या राजाला बांधलेले.

मुलानं घोडा उचलून बी३ वरचा तिचा हत्ती घेतला आणि घड्याळ दाबलं.

ही चाल बेकायदा आहे. पिन झालेला मोहरा स्वतः हलू शकत नसला तरी त्याचा शह लागू असतो. नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मुलाला बहुधा वाटलं असावं की उंट बांधलेलाच आहे, तो राजाला काय करणार. अनेक वर्षं खेळणारी मोठी माणसंही इथं चुकतात, म्हणून त्यानं फसवणूक केली असं मी मानत नाही.

मुलीनं राजाकडे पाहिलं, उंटाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. शेजारच्या पटावर आमच्याच क्लबचा एक मुलगा होता, त्यानं हे सगळं पाहिलं आणि तो गप्प राहिला. त्याचं वागणं अगदी बरोबर होतं, कारण दुसऱ्याच्या डावात खेळाडूनं बोलायचं नसतं. तिच्या घड्याळात सात मिनिटांहून जास्त वेळ होता. तिनं राजा एफ२ वर नेला आणि घड्याळ दाबलं. उंट मोकळा झाला, आणि तेव्हा मुलानं आपला राजा बाजूला घेतला. त्या क्षणी तिची खात्री पटली की शह होता. तिनं हात वर केला.

पंच आले. तिनं सांगितलं, ‘सर, त्यानं शह असताना हत्ती मारला.’ पंचांनी विचारलं, ‘त्याच्यानंतर तू चाल केलीस का, बाळ?’ ती म्हणाली, ‘व्हय.’ पंच म्हणाले, आता ती चाल मागं घेता येणार नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, आवाज चढवला नाही.

पंचांचा निर्णय अचूक होता. जलद स्पर्धेत, जिथं एक पंच अनेक पटांवर लक्ष ठेवतो, तिथं बेकायदा चालीची तक्रार आपली पुढची चाल करायच्या आधीच करावी लागते. तिनं वेळेवर हात वर केला असता तर घोडा डी४ वर आणि हत्ती बी३ वर परत आला असता, आणि तिला घड्याळात दोन मिनिटं जादा मिळाली असती. त्याच मुलाकडून दुसरी बेकायदा चाल झाली असती तर डाव तिचा. आपली चाल केल्यावर हा हक्क संपतो. त्यानंतर चूक दुरुस्त होऊ शकते ती दोन्ही खेळाडू आपसात राजी झाले तरच, आणि त्यात पंच पडत नाहीत. तसं विचारता येतं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

एक हत्ती कमी पडलेला तो डाव ती पुढं वीस चाली खेळली आणि हरली. तिनं पटावर हस्तांदोलन केलं, सही केली, आणि बाहेर येऊन बाईंच्या शेजारी बसली.

बाहेरच्या बाकावर

बाईंना सगळं कळल्यावर त्या उठून आत निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. निकालावर सही झालेली होती आणि निर्णय नियमाला धरून होता. पण त्यांचा राग मला समजत होता. मुलगी बरोबर होती आणि तरीही हरली होती, हे शिक्षकाला सोसत नाही.

मी मुलीला विचारलं, हात लगेच का नाही वर केलास? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला वाटलं माझंच चुकत असंल. त्याला जास्त येतं की.’ आणि थोड्या वेळानं, ‘उंट बांधल्याला हुता, मग शह हुतो का न्हाई ते म्हाईत नव्हतं.’

ही दोन उत्तरं वेगळी आहेत. दुसरं उत्तर ज्ञानाचं आहे: तिला नियम माहीत नव्हता. त्यावर उपाय सोपा, एका शनिवारी पटावर मांडून दाखवला की झालं. बाईंचा कल सुरुवातीला इकडेच होता.

मी मात्र पहिल्या उत्तरापाशी अडलो. शंका आली तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचा हक्क प्रत्येक खेळाडूला आहे. तिला नियम माहीत असण्याची गरजच नव्हती. ‘सर, असा शह होतो का?’ एवढं विचारलं असतं तर पंचांनी पटाकडे पाहून तिथल्या तिथं निवाडा केला असता. न कळणं हे न विचारण्याचं कारण कधीच नसतं, उलट ते विचारण्याचं कारण आहे. पण तिनं टी-शर्ट पाहिला, मानांकनाचा आकडा आठवला आणि स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेलं खोटं मानलं.

एसटीची वाट पाहताना बाई जे बोलल्या ते मला महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, ‘वर्गात आपण रोज सांगतो, चहाड्या करू नका, एकमेकांचं एकमेकांत मिटवा. घरी मुलींना सांगतात, उलट बोलू नको. आणि इथं तिनं अनोळखी गावात, अनोळखी माणसाला बोलवून, समोरच्या मुलाची चूक दाखवायची. कशी दाखवेल?’ पंचांना बोलवणं ही चहाडी नाही, तो खेळाचाच भाग आहे, घड्याळ दाबण्याइतका साधा. पण मुलांना हे कुणी तरी आधी सांगावं लागतं, आणि नुसतं सांगून भागत नाही. दडपणाखाली पाचवीतल्या मुलाच्या हातानं घोडा ठेवला, तसाच या मुलीचा हात खाली राहिला. दोघांनीही जुनी सवय पाळली.

शहरातल्या वर्गात शिकणाऱ्या मुलांना हा फायदा आपोआप मिळतो. ती महिन्याला स्पर्धा खेळतात, पंचांना ओळखतात, मोठ्या मुलांना तक्रार करताना पाहतात. कौशल्यात आमची मुलं फार मागं नव्हती. सात फेऱ्यांअखेर नऊ जणांतल्या चौघांचे निम्मे किंवा जास्त गुण झाले, आणि पहिल्या खेपेला ते उत्तम आहे.

क्लबमध्ये काय बदललं

पुढच्या शनिवारपासून बाईंनी सरावाची रीत बदलली. प्रत्येक सराव डावात एकानं गुपचूप एक बेकायदा चाल करायची, ती कोणत्या क्षणी करायची हे त्याच्यावर. समोरच्यानं ती ओळखून घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा, आणि पंच झालेल्या मुलाला एका वाक्यात काय झालं ते सांगायचं. चाल करून बसला तर संधी गेली. पंचाचं काम पाळीपाळीनं सगळ्यांकडे येतं आणि निर्णय देताना नियम सांगावा लागतो. एक अट मी घालायला लावली: शंका खोटी निघाली तरी कुणी हसायचं नाही. सुरुवातीला मुलं खोट्या तक्रारी भरमसाट करायची. दोन-तीन आठवड्यांत ते थांबलं.

घड्याळांचा प्रश्न मोबाइलवरच्या मोफत ॲपनं बराचसा सुटला. पालकांचे जुने फोन शनिवारपुरते येतात. बोट दाबण्याची सवय खऱ्या घड्याळासारखी होत नाही, पण वेळेचं भान येतं. सराव डाव आता बिनघड्याळाचे होत नाहीत.

वजीर करताना आणखी एक गोष्ट घोटून घेतली. मारलेला वजीर हाताशी नसेल तर मुलं हत्ती उलटा ठेवतात आणि त्याला वजीर समजतात. स्पर्धेत उलटा ठेवलेला हत्ती हत्तीच धरला जातो. वजीर मिळत नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागायचा. इथंही पुन्हा हात वर करणं आलंच.

पाचवीतल्या मुलाच्या आजोबांना बाईंनी एका शनिवारी बोलावलं. त्यांनी देशी पद्धतीचा डाव सगळ्यांना खेळून दाखवला आणि दोन्ही पद्धतींतले फरक मुलांनी फळ्यावर लिहिले. मला हे फार आवडलं. आजोबांचा खेळ चुकीचा आहे असं मुलाला वाटता कामा नये. दोन खेळ आहेत, आणि कोणत्या पटावर बसलोय हे ओळखायचं आहे.

त्या मुलीनं पुढच्या स्पर्धेत, दुसऱ्या गावी, दोनदा हात वर केला. एकदा तिची तक्रार मान्य झाली आणि तिला दोन मिनिटं मिळाली. दुसऱ्यांदा तिची शंका चुकीची होती. पंचांनी तिला समजावलं, घड्याळ पुन्हा सुरू केलं, आणि ती खेळत राहिली. बाईंना मी सांगितलं की मला दुसरा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. माझा आग्रह आहे की नव्या मुलांना आधी दीर्घ वेळेच्या स्पर्धेत न्यावं. तिथं चाली लिहून ठेवतात, आणि बेकायदा चाल नंतर लक्षात आली तरी डाव त्या जागी मागं नेता येतो, म्हणजे बुजऱ्या मुलाला बोलायला अवधी मिळतो. बाई म्हणतात, तशी स्पर्धा दोन-तीन दिवस चालते, राहण्याची सोय लागते, मुलींचे पालक मुक्कामाला तयार होत नाहीत, आणि सोमवारची शाळा बुडते. त्यांचं बरोबर आहे. या उन्हाळी सुट्टीत सांगलीला नातेवाईक असलेल्या तीन मुलांपुरता तो प्रयोग करायचं ठरलं आहे, आणि त्या तिघांत ही मुलगी आहे. तिची मावशी सांगलीच्या विश्रामबागेत राहते.